पूरग्रस्तांसाठी सोसायटीतून ट्रक भरून मदत पाठवायची आहे. काय काय पाठवावं?

ट्रक भरायच्या आधी एवढंच विचारा, की तो उतरवून घेणार कोण आणि कुठे. नाव आणि फोन नंबर हातात नसेल तर गाडी हलवू नका.

मी खताच्या गोदामाचा हिशेब बघतो. २०१९ च्या महापुरात जयसिंगपूरला एका मंगल कार्यालयात बाहेरून येणारा माल उतरवून घ्यायचं काम आम्हा काही जणांकडे आलं. शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही फुगलेल्या, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. तेव्हा टंचाई मालाची नव्हती, बोटींची होती. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला जादा माणसं बसलेली बोट उलटली, लोक गेले. तरी हायवे सुटल्यावर सगळीकडून आल्या त्या बिस्किटांच्या नि कपड्यांच्या गाड्या.

त्यात आमच्या दाजींनी पुण्याहून आयशर पाठवला. दोन्ही बाजूंना फ्लेक्स, त्यावर मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो. चलन, म्हणजे गाडीत काय माल किती आहे त्याचा कागद, मागितलं तर ड्रायव्हर म्हणाला, "चलन कसलं, मदत हाय ही." ताडपत्री सोडली तर आत सगळी सरमिसळ. फिनेलचा कॅन फुटून पोह्याच्या पोत्यात मुरलेला. औषधांच्या अर्धवट पट्ट्या, त्यात तारीख उलटलेल्या. एक जरीची शेरवानी. एकाही पिशवीवर बाहेरून काही लिहिलेलं नाही, म्हणजे प्रत्येक गाठ सोडा, बघा, वेगळी थप्पी लावा. पोरं रात्रभर तेच करत बसली. बायका ज्या सॅनिटरी पॅडची हळू आवाजात चौकशी करून जात होत्या, ते निघाले पहाटे, चादरींच्या गठ्ठ्याच्या तळाशी. छावणीत शिजवलेलं जेवण मिळत होतं आणि गाडीत नूडल्सचे खोके. आणि जुने कपडे! शेजारी इचलकरंजीचे माग असताना उसवलेल्या पँटी पुण्याहून कशाला? २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत नागपट्टणमला असल्याच कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले होते. तरी अक्कल येत नाही.

कमी काय पडत होतं? वैरण. माणसं जनावरं सोडून घराबाहेर पडायला तयार नव्हती, हे शहरातल्या एकाही यादीत नव्हतं. पाणी ओसरल्यावर टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, खराटे, फावडी, आणि बुडालेल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस. बाटलीबंद पाण्याचं तर बोलूच नका. मदतकार्याच्या जागतिक मानकात माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरतात. पाच जणांच्या घराला ७५ लिटर. ते टँकरनंच होतं, लिटरभराच्या बाटल्यांनी नाही.

दाजींना तेव्हाच फोनवर सांगितलं होतं, पैसे पाठवा. "पैसे कुणाच्या खिशात जातात काय माहीत," म्हणाले. आजही घरात लग्नकार्य असलं की हा विषय निघतोच. आमची गाडी वेळेवर पोचली, तुम्हाला उतरवून घेता आली नाही, असं त्यांचं म्हणणं. पोचली म्हणजे काय? माझ्या दारात पोचली, पूरग्रस्ताच्या नाही. पुढच्या गल्लीबोळात आयशर जात नाही, तिथे छोटा हत्ती लागतो आणि त्याचं डिझेल कुणीच दिलेलं नसतं. पुणे ते जयसिंगपूर भाडं आणि टोल, तेवढ्याच पैशात मिरजेच्या बाजारात पेंड आली असती आणि तिथल्या दुकानदाराचंही शटर उघडलं असतं. खिशाची भीती वाटत असेल तर थेट दुकानदाराला पैसे भरा आणि बिल मागवून घ्या.

हां, जवळची बाजारपेठच बुडाली असेल तर पहिले काही दिवस बाहेरून माल लागतोच, सांगलीच्या पेठेत पाणीच होतं. कपडेही सरसकट वाईट नाहीत. १९९९ पासून काम करणारी गूंज संस्था कपडे निवडून, गरजेप्रमाणे लावून पुढे पाठवते. तेवढा खटाटोप तुमची सोसायटी करणार असेल तर खुशाल द्या.

आणि गाडी पाठवायचीच ठरली तर एका गाडीत एकच माल, खोक्यावर बाहेरून मोठ्या अक्षरात नाव, सोबत चलन. हमालीचे पैसे ड्रायव्हरकडे द्या. उतरवायला येतात ती पोरं स्वतःच्या घरातला गाळ तसाच ठेवून आलेली असतात.