डुक्कर म्हटलं म्हणून रागावू नका

प्रश्न : दादा, माझ्या मामांकडे १९५६ ची फियाट आहे, अगदी जीव की प्राण. पुढच्या महिन्यात त्यांची साठी आहे. मागच्या वाढदिवसाला त्यांच्या गाडीवाल्या मित्रांनी केकवर 'हॅपी बर्थडे डुक्करवाले' लिहून आणलं होतं, मला तर कसंतरीच झालं. हा अपमान नाही का? आणि यंदा मला कार्डावर त्यांच्याच भाषेत लिहायचंय, काय लिहू? — एक भाची, नाशिक

उत्तर : अगं अपमान कसला, त्या गाडीचं लाडाचं नावच आहे ते. जुन्या मेकॅनिकला 'फियाट ११००-१०३' सांगितलंस तर तो क्षणभर विचार करेल, 'डुक्कर फियाट' म्हणालीस की लगेच पाना घेऊन उठेल. इटलीत ही गाडी १९५३ साली आली, तिकडे तिला मिलेचेंतो म्हणजे अकराशे म्हणतात, इंजिन १०८९ सीसीचं, आणि आपल्याकडे प्रीमियर कंपनीवाले ती कुर्ल्याच्या कारखान्यात जोडायचे. मामांची गाडी एकदा समोर उकिडवं बसून बघ, तो गोल फुगीर बोनेट आणि खाली उतरलेलं नाक, नाव का पडलं ते दिसेलच. पुढचे दरवाजे उलटे उघडतात, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्याला म्हणायचं हँड गिअर. फक्त एक ऐक, गाडीला डुक्कर खुशाल म्हण पण 'डुक्करवाले' मित्रांनाच म्हणू दे, तुझ्या तोंडी मामाच शोभतं.

कार्डावर असं लिही : 'मामा, साठीनंतरही चोक न ओढता एका सेल्फमध्ये स्टार्ट व्हा, इंजिन कधी मिसिंग मारू नये, आणि घाटात पंपावर ओलं फडकं टाकायची पाळी येऊ नये.'

चोक ओढणं म्हणजे थंड इंजिन सुरू करायची खटपट, सेल्फ म्हणजे स्टार्टर, मिसिंग म्हणजे इंजिन अडखळणं. आणि फडक्याची ओळ वाचून तर ते हसतील बघ. या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला, उन्हाळ्यात चढावर तो इतका तापतो की पेट्रोलची आतच वाफ होते, कार्बुरेटरपर्यंत काही पोचत नाही आणि गाडी बंद. कसारा घाटात मे महिन्यात आमचे बाबा बोनेट उघडायचे, जुन्या बनियनचं फडकं बाटलीतल्या पाण्यात भिजवून पंपावर ठेवायचे, चर्र आवाज यायचा, आम्ही भावंडं कठड्याजवळ बसून वाट बघायचो आणि बाबा मधूनमधून पंपाला बोट लावून बघायचे. मला अजून त्या ओल्या, पेट्रोलच्या वासाच्या बनियनची आठवण येते.

प्रश्न : स्टेपनी आणि डिकी हे शब्द आपले की इंग्रजी? — एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही तिकडूनच आले, पण आपण ते जपलेत. सुरुवातीच्या गाड्यांना जादा चाक नसायचं, तेव्हा १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर एक जादा रिम-टायर निघालं, पंक्चर झालेल्या चाकावर ते नुसतं अडकवायचं. रस्त्याचं नाव चाकाला लागलं. आणि डिकी म्हणजे मूळची गाडीच्या मागची उघडी, दुमडायची सीट, माणसं बसायची तिथे, आता बॅगा.

प्रश्न : सर, वडिलांची फियाट १९७३ ची आहे, आम्हाला तिचा वाढदिवस करायचाय. कुठली तारीख धरायची? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पहिल्या रजिस्ट्रेशनची, आरसी बुकात बघा. ही तारीख नुसती केकपुरती नाही हं, २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं होऊन गेली की गाडीला विंटेज म्हणून नोंदवता येतं, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात एमएचच्या पुढे व्हीए येतं. पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल केलेले चालत नाहीत, आणि मग ती रोज ऑफिसला न्यायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. वडिलांना ती रोज चालवायची हौस असेल तर अर्ज करायच्या आधी त्यांना विचारा.