चावी फिरते, पण बाइकची सीट उघडत नाही. लॉक न तोडता काय करता येईल?

एकाने सीट लॉकच्या बरोबर वर तळहाताने जोरात दाबून धरावी आणि त्याच वेळी दुसऱ्याने चावी फिरवावी. बहुतेकदा सीट लगेच सुटते. सीटखाली रेनकोट किंवा फडकी कोंबली की सीट वर रेटली जाते, तिचा हूक खटक्यात (हूक अडकवून धरणाऱ्या भागात) ताणून बसतो आणि चावीने ओढल्या जाणाऱ्या केबलला खटका सरकवता येत नाही. दाबल्यावर तो ताण जातो. चावीवर मात्र जोर लावू नका, ती लॉकमध्येच मोडू शकते. चावी फिरवताना स्प्रिंगचा ताण हाताला जाणवतच नसेल, तर केबल निसटली किंवा तुटली आहे. मग साइड पॅनल काढून, केबलचं टोक हाताशी येत असेल तर पक्कडीने ओढा. उघडल्यावर खटक्यातली माती पुसून थोडं ग्रीस लावा.