आप्पा दिसतात, पण जिवंत वाटत नाहीत

प्रश्न (रावेर) : माझ्या दीर्घकथेतले आप्पा सावद्याजवळचे लेवा पाटीदार, केळीबागायतदार. वय, पेहराव, शिक्षण, लहानपणची गरिबी असं सगळं दोन पानं टिपून मगच लिहायला बसलो. तरी वाचणारे म्हणतात, आप्पा जिवंत वाटत नाहीत. त्यांच्या तोंडची अहिराणीही खटकते म्हणे. काय चुकतंय?

उत्तर : टिपणात आप्पा कसे आहेत ते आलं, त्यांना काय हवंय ते राहिलं. मे महिन्यातली एक सकाळ घ्या. उन्हाच्या झळांनी पानं करपलीत, घड कापणीला आलेत आणि व्यापारी भाव पाडून मागतोय. थांबावं तर भाव चढेलही, पण माल झाडावरच पिकायला लागला तर लांबच्या गाडीत कोणी भरणार नाही. आता आप्पा काय करतात?

मुकाट्याने भाव घेतला, तो एक माणूस. तासभर घासाघीस करून वर कापणीवाल्यांना चहा पाजला, तो दुसरा. पडेल भावात माल दिला आणि घरी मात्र क्विंटलमागे शंभर रुपये वाढवून सांगितले, तो तिसरा. आम्ही तिसरा घेऊ. ते शंभर रुपये आता कुठून तरी उभे करावे लागतात, म्हणजे पुढचा प्रसंग आपोआप येतो.

हा प्रसंग ६०० शब्दांत लिहा. ‘कष्टाळू’, ‘मानी’, ‘तापट’ हे शब्द त्यात एकदाही नकोत. गरिबी पहिल्या पानावर सांगू नका. आप्पा वजनकाट्यावरचा आकडा दोनदा वाचून घेतात, एवढंच दाखवा. का, ते दहाव्या पानावर कळलं तरी चालेल. नाही कळलं तरी बिघडत नाही. टिपणातलं बरंचसं टिपणातच राहायचं असतं.

बोलीचं म्हणाल तर वाचकांचं बरोबर आहे. ‘काय शे?’ ही अहिराणी धुळे, साक्री, चाळीसगावकडची. आप्पांच्या घरात लेवा गणबोली, म्हणजे रावेर-सावद्याकडच्या लेवा पाटीदारांची बोली हवी. तीही शब्दाशब्दाला नको. ‘केळी’ची ‘केयी’, ‘डोळा’चा ‘डोया’ अशा दोन-तीन जागा एका संवादाला पुरतात, नाहीतर वाचक अक्षरं लावत बसतो. त्यापेक्षा सूर बदलतो का ते पाहा. उत्तरेकडच्या व्यापाऱ्याशी आप्पा मोडकीतोडकी हिंदी बोलतील, गड्याला अर्ध्या वाक्यात काम सांगतील, बायकोपुढे बहुधा गप्पच. तुमच्या मसुद्यात ते तिघांशी सारखंच बोलत असतील, तर खटकणारी खरी जागा ती आहे.

प्रश्न (धुळे) : कादंबरीत पात्रं किती असावीत? माझी अठरा झालीत, वाचक गोंधळतात.

उत्तर : अठरा जास्त नाहीत. पण सुमन, सुलभा, सुरेखा एकाच घरात असतील तर गोंधळ होणारच. नावांची पहिली अक्षरं वेगळी ठेवा. एका प्रकरणात नवी माणसं तीनच्या वर आणू नका. आणि दोन काका एकच काम करत असतील, तर एकाला काढा. तो गेल्याचं बहुतेक वेळा कोणाला कळतही नाही.