ब्लॉक कोणता हे शेवटी, आधी फुटपाथची पातळी विचारा

तुमच्या मुख्य पेठेतला फुटपाथ उखडलाय, नगरपालिकेने नव्या कामाचं टेंडर काढलंय आणि तुमचा प्रश्न आहे: पेव्हर ब्लॉक, काँक्रीट की शहाबादी फरशी? आई गेल्या पावसाळ्यात तिथेच पडल्या हेही वाचलं. ठेकेदाराकडे साइट सांभाळण्यात माझी बावीस वर्षं गेली, म्हणून आतलं सांगतो. तिन्ही चालतात आणि तिन्ही उखडतात.

तरी उत्तर हवंच असेल तर जुन्या पेठेत मी ब्लॉकच घेईन. तिथे जमिनीखाली पाण्याच्या जुन्या लाइनी असतात, आज ना उद्या खोदावं लागणारच. ब्लॉक काढून पुन्हा बसवता येतो, काँक्रीट एकदा कापलं की ठिगळ कायमचं. शहाबादी घेतलीच तर पॉलिश केलेली नको, पावसात घसरगुंडी होते.

पण ब्लॉक स्वतः क्वचित फुटतो. बसतं ते खालचं. खडी-मुरमाचा थर पाणी मारून, रोलरने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने नीट दाबायचा, त्यावर वाळूचा पातळ थर, साधारण दोन ते चार सेंटिमीटर, आणि मग ब्लॉक. खालचा थर वरखाली राहिला की आम्ही लोक काय करायचो? वाळू जास्त टाकून वरून सारखं दाखवायचो. फोटो झकास यायचा. पहिल्या पावसात वाळू सरकली की खड्डा. दुसरी जागा कडेची. कर्ब, म्हणजे फुटपाथच्या काठाचा दगड, काँक्रीटमध्ये बसवला नसेल तर तो बाहेर कलतो, ब्लॉकच्या रांगा फाकतात आणि सांध्यातली वाळू निघून जाते. पाय ठेवताच डुगडुगून पँटवर चिखलाची पिचकारी मारणारा ब्लॉक असाच तयार होतो. जाडीचंही बघा. कागदावर फुटपाथ फक्त चालणाऱ्यांचा असतो, प्रत्यक्षात माल उतरवायला टेम्पो चढतो. निदान फाटकांसमोर तरी ८० मिमीचा ब्लॉक मागा.

आता मुख्य गोष्ट, पातळी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:१०३ या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत कर्बची उंची १५० मिमीच्या वर नको असं आहे. गाड्या चढू नयेत म्हणून आपल्याकडे फूटभर उंच करतात. गाड्या तरीही चढतात, चढता येत नाही ते गुडघेदुखीवाल्यांना. त्यात प्रत्येक फाटकापाशी फुटपाथ रस्त्याच्या पातळीला उतरवतात आणि पुढे पुन्हा चढवतात. पेठेत दर दहा पावलांवर बोळ नाहीतर वाड्याचं दार. इतकी चढउतार कोण करणार? म्हातारी माणसं सरळ रस्त्यावरून चालतात आणि लोक म्हणतात, बघा, फुटपाथ दिला तरी वापरत नाहीत! फाटकासमोर फुटपाथ सलग ठेवायचा, उतार कर्बच्या बाजूला घ्यायचा. चढायचं गाडीने. चौकात मात्र रॅम्प हवाच, १:१२ चा. म्हणजे १५० मिमी चढायला १.८ मीटर लांबी. याहून आखूड रॅम्प दिसला तर तो व्हीलचेअरसाठी नाही, ठेकेदाराची मापं लिहायच्या एमबीसाठी (मेजरमेंट बुक) आहे.

रस्त्याचं डांबरीकरण करताना जुना थर खरवडला जातो का, हेही विचारा. न खरवडता थरावर थर पडले की कर्ब बुडतो, मग फुटपाथ उचलतात आणि दुकानांचे उंबरे खाली जाऊन पाणी आत शिरतं. दुकानदार विरोध करतात तो उगाच नाही.

रुंदी म्हणजे मोकळी रुंदी, किमान १.८ मीटर. विजेची डीपी, खांब, झाडाचं आळं, दुकानाची पाटी सोडून जे उरतं ते मोजा. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर २०१६ नंतर रस्त्याची जागा घेऊन फुटपाथ रुंद केला, संभाजी बागेसमोर चालायला खरंच बरं वाटतं. (त्याच रस्त्याच्या १९७६ च्या डांबराची दहा वर्षांची गॅरंटी अख्ख्या पुण्याला पाठ आहे. फुटपाथची गॅरंटी कुणी मागत नाही. तुम्ही टेंडरमधला दोषदायित्व कालावधी वाचा, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत.)

पिवळ्या उठावदार फरशीबद्दल माझीच चूक सांगतो. लांब पट्ट्यांची फरशी म्हणजे पुढे चला, ठिपक्यांची म्हणजे थांबा, सावध. एका साइटवर पट्ट्यांचा माल संपला म्हणून आम्ही मधली पंधरा-वीस फूट ठिपक्यांनी भरली, रंग तोच की! काठी घेऊन रोज जाणारे एक गृहस्थ तिथे दर पावलाला थांबायला लागले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढे तीच पट्टी सरळ डीपीला जाऊन धडकत होती, ते निराळंच.

बोलार्डचा, म्हणजे गाड्या अडवायला लावलेल्या बुटक्या खांबांचा, प्रश्न मात्र मला सुटलेला नाही. दोन खांबांत ९० सेंटिमीटर तरी सोडलं नाही तर व्हीलचेअर अडकते, आणि तेवढं सोडलं की दुचाकी आरामात जाते. मी व्हीलचेअरच्या बाजूने आहे, दुचाकीचं पोलिसांनी बघावं. फेरीवाल्यांना हुसकावून फुटपाथ मोकळा होईल या भ्रमातही राहू नका, आठ दिवसांत परत येतात. २०१४ च्या कायद्याप्रमाणे त्यांच्या जागा आधीच नकाशात आखून घेतलेल्या बऱ्या.

सध्या एवढंच करा: माहिती अधिकारात कामाचा आडवा छेद, म्हणजे थर आणि मापं दाखवणारं रेखाचित्र, मागा, आणि पाणी, वीज, केबल यांची खोदाई आधी उरकणार का ते लेखी विचारा. आणि खालचा थर दाबतील त्या दिवशी टेप आणि लेव्हल घेऊन जा, फोटो काढा. ब्लॉक बसले की मग आत काय आहे ते मलासुद्धा सांगता येणार नाही.