विमानांचे मार्ग आणि वेळा यांवरून पृथ्वी सपाट असल्याचे सिद्ध होते का?

नाही, उलट दक्षिण गोलार्धातील विमानसेवा हीच सपाट पृथ्वीच्या नकाशापुढची सर्वांत मोठी अडचण आहे.

पृथ्वी सपाट असल्याचे पटवण्यासाठी तुमच्या मित्राने दिलेले अँकरेजच्या विमानाचे उदाहरण माझ्या साडूंनीही एका घरगुती समारंभात सर्वांसमोर माझ्यापुढे टाकले होते. २०१५ साली तैपेईहून लॉस एंजेलिसला निघालेले विमान, आत प्रसूती झाल्यामुळे, अलास्कातील अँकरेजला उतरवले गेले. ही दोन्ही शहरे अँकरेजच्या कितीतरी दक्षिणेला असताना विमान तिकडे गेलेच कसे, हा त्यांचा प्रश्न बसलेल्या बहुतेकांना बिनतोड वाटला. पृथ्वीगोलावर दोरा ताणला, की या शहरांमधला सर्वांत जवळचा मार्ग अलास्काच्या दक्षिणेकडील समुद्रावरूनच जाताना दिसतो. साडूंच्या सपाट पृथ्वीच्या नकाशावरही तो जवळपास तसाच दिसत होता, पण त्यात नवल नाही, कारण उत्तर ध्रुव मध्यभागी धरून काढलेला तो नकाशा मुळात गोल पृथ्वीच्या अक्षांश-रेखांशांवरूनच बेतलेला असतो आणि उत्तरेकडे त्याची चूक कमी असते.

म्हणून मी त्यांना त्याच नकाशावर सिडनी ते चिलीतील सांतियागो हे अंतर मोजायला लावले. ध्रुवापासून विषुववृत्त सुमारे १०,००० किलोमीटर, हे प्रमाण त्यांना मान्य होते. त्या हिशेबाने अंतर २५,००० किलोमीटरांहून अधिक निघाले आणि सरळ रेषा चक्क अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांवरून गेली. प्रत्यक्षात थेट विमान हे अंतर सुमारे साडेबारा तासांत कापते. म्हणजे त्याला ताशी २,००० किलोमीटर वेग हवा. तो कॉनकॉर्डला साधत असे, पण ते विमान २००३ सालीच निवृत्त झाले आणि आजची प्रवासी विमाने ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. गोलावर हेच अंतर सुमारे ११,३०० किलोमीटर आहे. यावर साडू म्हणाले, "अशी विमाने नसतातच, वेळापत्रक खोटे असते." पत्नीने डोळे वटारल्यामुळे मी पुढे बोललो नाही.

भर समुद्रावर विमान त्याचा ठावठिकाणा दाखवणाऱ्या मोबाइलच्या नकाशावरून नाहीसे होते, म्हणजे ते त्या मार्गाने जातच नाही, हा मुद्दाही तुमचा मित्र काढील. विमानाचे संकेत टिपणारी बहुतेक यंत्रे जमिनीवर असतात, एवढेच त्याचे कारण.

एक मात्र खरे, की केवळ उड्डाणाच्या वेळेवरून अंतर काटेकोर ठरत नाही. पश्चिमेकडून वाहणाऱ्या उंचावरील वेगवान वाऱ्यांमुळे एकाच मार्गावर जाण्यायेण्यात तासा-दीड तासाचा फरक सहज पडतो. पण वाऱ्याने अंतर दुप्पट होत नाही.

तेव्हा उत्तरेकडच्या मार्गांवर वाद घालत बसू नका; मित्राला त्याच्याच नकाशावर जोहान्सबर्ग-सिडनी मोजायला सांगा. वेळापत्रकच खोटे असल्याचे उत्तर आले, तर अँकरेजला उतरलेले विमान त्याने कशाच्या आधारे खरे मानले, हे अवश्य विचारा. माझ्या साडूंना तेवढे विचारायचे राहिले आहे.