आमच्या अध्यापक संघटनेत दर वेळी एकच गट सगळी पदे जिंकतो. मतदानाची पद्धत बदलावी का?

आपण लिहिले आहे की आपल्या संघटनेत तीन पदाधिकारी आणि सात जणांची कार्यकारिणी दर दोन वर्षांनी निवडली जाते, मोठ्या संस्थांमधील एक गट सर्वच्या सर्व जागा घेतो आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जागा बिनविरोध भरल्या जातात. अध्यापकांच्या एका संघटनेत मी दोन वेळा निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून काम केले आहे. त्या अनुभवावरून मला असे वाटते की मतमोजणीची पद्धत अवश्य बदलावी, परंतु खरी मेख आपण जाता जाता लिहिलेल्या ‘बिनविरोध’ या शब्दात आहे. जिथे एका जागेसाठी एकच अर्ज येतो, तिथे कोणतीही मोजणी कामाला येत नाही.

म्हणून घटनेतील उमेदवारीचे कलम आधी काढून वाचा. अनेक संघटनांत नावे सुचवण्यासाठी एक समिती असते, ती मावळती कार्यकारिणीच नेमते आणि ती प्रत्येक पदासाठी एकेकच नाव पुढे करते. सर्वसाधारण सभेकडे मग टाळ्या वाजवण्याचे काम उरते. अमेरिकेतील नॅशनल एज्युकेशन असोसिएशन १८५७ मध्ये स्थापन झाली. शाळांत शिकवणाऱ्यांमध्ये स्त्रिया मोठ्या बहुसंख्येने असूनही तिच्या अध्यक्षपदी पुढची ५३ वर्षे एकही स्त्री आली नाही. १९१० मध्ये बॉस्टनच्या अधिवेशनात समितीने पुन्हा एका पुरुषाचेच नाव दिले, तेव्हा समितीतील अल्पमताचा वेगळा अहवाल सभेपुढे मांडण्यात आला, त्यात शिकागोच्या शाळांच्या प्रमुख एला फ्लॅग यंग यांचे नाव होते, आणि सभेने मतदान करून त्यांना निवडून दिले. मतदार तेच होते आणि मतदानाची रीतही नवी नव्हती. फरक पडला तो समितीच्या पसंतीबाहेरचे नाव सभेपुढे येऊ शकले म्हणून.

तेव्हा दोन गोष्टी घटनेत लिहून घ्या: समितीने प्रत्येक जागेसाठी किमान दोन नावे द्यावीत, आणि ठरावीक सभासदांच्या सह्यांनी कोणालाही थेट अर्ज भरता यावा. सह्यांची संख्या इतकी कमी असावी की एखाद्या लहान संस्थेतील अध्यापकाला ती आठवड्याभरात गोळा करता येईल. थेट अर्जाची शेवटची तारीख समितीची नावे जाहीर झाल्यानंतरची असली पाहिजे, हेही विसरू नका. ती आधीची असेल, तर समितीने कोणाला डावलले हे कळेपर्यंत दार बंद झालेले असते. एका घटनेत मी हा क्रम उलटा पाहिला आहे आणि तो चुकून उलटा झाला असेल असे मला वाटत नाही.

मतदार यादीबद्दल थोडक्यात. वर्गणी भरलेल्यालाच मत, हा नियम रास्त आहे. परंतु वर्गणी कोणत्या दिवसापर्यंत भरलेली हवी, यावर निकाल फिरू शकतो. माझ्या पहिल्या निवडणुकीत मुदतीच्या शेवटच्या दुपारी साठाहून अधिक पावत्या माझ्यापुढे आल्या. क्रमांक सलग होते आणि पैसे भरणाऱ्याचे अक्षर सगळ्यांवर एकच. नियमाप्रमाणे ती सर्व मते ग्राह्य धरावी लागली. मतदानाच्या दोन महिने आधी यादी गोठवली आणि प्रत्येक सभासदाने वर्गणी स्वतःच भरावी असा दंडक घातला, तर ही शेवटच्या दुपारची गर्दी बरीच ओसरते.

आता मोजणी. आपल्याकडे अध्यक्षपदासाठी ज्याला सर्वांत जास्त मते, तो विजयी, असा नियम आहे. समजा, २१० मते पडली आणि तीन उमेदवारांना अनुक्रमे ८४, ६६ आणि ६० मिळाली. पहिला जिंकला खरा, पण १२६ जणांनी त्याला मत दिलेले नाही, आणि उरलेले दोघे एकाच विचाराचे असतील तर त्यांनी एकमेकांची मते खाल्ली आहेत. पसंतीक्रमाच्या पद्धतीत मतदार १, २, ३ असे आकडे लिहितो, शेवटचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीनुसार वाटल्या जातात. त्या ६० पैकी ४८ दुसऱ्याकडे आणि १२ पहिल्याकडे गेल्या, तर दुसरा ११४ विरुद्ध ९६ असा निवडून येतो. एका पदासाठी मी हीच पद्धत सुचवीन.

याहून सोपी पद्धतही आहे: जे जे उमेदवार चालतील त्या सर्वांपुढे खूण करायची आणि सर्वाधिक खुणा मिळवणारा विजयी. महाविद्यालयीन गणिताच्या अध्यापकांची मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिका १९८६ पासून या रीतीकडे वळली. विद्युत अभियंत्यांच्या एका मोठ्या संस्थेने मात्र ती काही वर्षे वापरून २००२ मध्ये सोडून दिली, कारण एकापेक्षा अधिक खुणा करणारे सभासद फारच थोडे निघाले. लोकांना एकच मत देण्याची सवय असते, आणि ती नुसत्या नियमाने सुटत नाही.

अध्यापक मतदारांची स्वतःचीही एक सवय आहे. मोजणीच्या टेबलावर आम्ही मतपत्रिका उलगडू लागलो की निम्म्या खुणा लाल शाईच्या निघत. एका मतपत्रिकेवर खूण नव्हतीच. तीनही नावांपुढे दहापैकी गुण दिले होते, सात, चार आणि साडेपाच, आणि खाली रेघही ओढली होती. आम्ही ती एकमताने बाद केली. गंमत अशी की १७७० मध्ये बोर्दा या फ्रेंच गणितज्ञाने विद्वानांच्या अकादमीपुढे मांडलेली रीत याच्या जवळची होती: प्रत्येक क्रमांकाला गुण आणि शेवटी बेरीज. तिची उणीव कोणत्याही परीक्षकाला लगेच समजेल. आपला उमेदवार वर यावा म्हणून मतदार तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम तळाशी टाकतो, आणि गटबाजी असलेल्या संघटनेत हे होणारच. त्यामुळे ही रीत मी आपल्याला सुचवणार नाही.

कार्यकारिणीचा प्रश्न वेगळा आहे, आणि आपली तक्रार मुख्यतः तिथलीच आहे. सात जागा आणि प्रत्येकाला सात मते, अशी रचना असेल तर १६० मतदारांपैकी एकजुटीने मत देणारे ८१ जण सातही जागा घेतात आणि उरलेल्या ७९ जणांना एकही मिळत नाही. यावर उपाय म्हणजे एकल संक्रमणीय मत: प्रत्येकाला एकच मत, त्यावर पसंतीक्रम, आणि निवडून येण्यासाठी ठरलेला कोटा. मतांना जागांपेक्षा एकाने मोठ्या संख्येने भागायचे आणि अपूर्णांक सोडून एक मिळवायचा. १६० भागिले ८ म्हणजे २०, अधिक १, म्हणजे २१. याचा अर्थ असा की लहान संस्थांमधील २१ अध्यापकांनी आपल्या उमेदवाराला पहिली पसंती दिली, तर त्याची जागा कोणीही अडवू शकत नाही. मोजणी किचकट आहे, कोट्यावरची जादा मते पुढे कशी सरकवायची याचे नियम आधी लिहून ठेवावे लागतात. परंतु अध्यापकांच्या सभेत हिशेब समजावून सांगणारे कोणी मिळणार नाही, असे होत नाही. समान मते पडल्यास चिठ्ठी टाकायची की आणखी काही, हेही त्याच पानावर लिहा.

शेवटचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तोच अडणार आहे: सत्तेवर असलेला गट ही घटनादुरुस्ती मंजूर का करील? बहुधा त्यासाठी दोन-तृतीयांश मते लागत असतील आणि ती त्यांच्याशिवाय होत नसतील. माझा सल्ला असा की दुरुस्ती येत्या निवडणुकीला लागू करू नका. त्यापुढच्या निवडणुकीपासून लागू होईल असा ठराव मांडा. आमच्याकडे हाच ठराव आधी एकदा पडला होता. अंमलबजावणी एक मुदत पुढे ढकलली, तेव्हा तोवर आपण अल्पमतात असू की बहुमतात, याची खात्री त्या गटातील ज्येष्ठांनाही नव्हती, आणि त्यांच्यातल्याच दोघांनी सूचक आणि अनुमोदक म्हणून सही केली.