उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिकच्या (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांच्या) कामाला नव्यानं लागलेल्या पोराला

आधी एक डोक्यात पक्कं बसव, पंप प्रेशर तयार करत नाही, तो नुसतं तेल ढकलतो. पुढं भार अडला की प्रेशर चढतं. त्यामुळं गेजचा काटा वर येईना म्हणून लगेच पंप खोलत बसू नकोस. रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारी झडप) आणि सिलिंडरचं सील आधी बघ.

गणित सोपं आहे. 5 चौरस सेंटिमीटरच्या पिस्टनवर 50 किलोचा जोर दिलास, तर तोच दाब 100 चौरस सेंटिमीटरच्या पिस्टनखाली 1000 किलो उचलतो. फुकट काही नाही हं, लहान पिस्टन 20 सेंटिमीटर गेला तर मोठा एकच सरकतो. उसाची ट्रॉली उलटताना सिलिंडर सावकाश का चढतो, ते बघ.

तेल फेसाळलं तर सक्शनच्या, म्हणजे पंप तेल ओढतो त्या बाजूच्या, जोडातनं हवा शिरत्येय का तपास.

आणि होजला, म्हणजे तेलाच्या रबरी नळीला, बारीक भोक असेल तर हात फिरवून शोधायचं नाही, पुठ्ठा धरायचा! भोकातनं येणारी तेलाची धार कातडीत घुसते. वर सुईच्या टोकाएवढा ठिपका, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. पण तसाच घरी गेलास तर बोट कापायची पाळी येईल. सरळ दवाखाना गाठ. होज सोडवायच्या आधी भार खाली टेकव, मोटर बंद कर, लिव्हर हलवून उरलेलं प्रेशर सोड.